सागरजलातील विषारी धातू आणि विद्युत-संवेदक

कोल्हापूरपासून अरबी समुद्र जवळ असला, तरी आमच्या पंचगंगेचे पाणी त्याला मिळत नाही. नृसिंहवाडीस ती कृष्णेत विलीन होते आणि ते पाणी पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणून समुद्राचे प्रदूषण हा केवळ किनारपट्टीचा प्रश्न आहे, असे आम्हांस म्हणता येत नाही.

सेंद्रिय कचरा कालांतराने कुजतो. शिसे, कॅडमियम, पारा या जड धातूंचे मात्र विघटन होत नाही. ते गाळात साचतात आणि शिंपले, मासे यांच्यामार्फत माणसाच्या शरीरात शिरतात. जपानमधील मिनामाता येथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. तरीही कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे शासनाने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. दरम्यान कोळी कुटुंबे तेच मासे खात राहिली.

ज्या १९५९ साली हे संशोधन पुढे आले, त्याच वर्षी यारोस्लाव हेरॉव्हस्की यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेच्या साहाय्याने द्रावणातील पदार्थ ओळखण्याची पद्धत त्यांनी १९२२ मध्ये प्राग येथे शोधली होती. आजचे विद्युत-संवेदक याच परंपरेतील होत.

त्यांचे कार्य दोन टप्प्यांत चालते. प्रथम विद्युतअग्रावर ऋण विभव ठेवतात. पाण्यातील धातूंचे आयन त्याकडे ओढले जाऊन काही मिनिटांत त्यावर धातूचा पातळ थर साचतो. नंतर विभव क्रमाक्रमाने धनाकडे नेतात. तेव्हा जस्त, कॅडमियम, शिसे, तांबे हे धातू आपापल्या ठरावीक विभवाला पुन्हा विरघळतात आणि प्रत्येक वेळी विद्युतप्रवाह उसळतो. आलेखावरील शिखराच्या स्थानावरून धातू ओळखता येतो, तर त्याच्या उंचीवरून प्रमाण कळते. आधी साठवण केल्यामुळे लिटरमागे मायक्रोग्रॅमहूनही कमी धातू सापडू शकतो. समुद्राचे पाणी खारट, म्हणजेच विद्युतवाहक असल्याने त्यात वेगळे क्षार मिसळण्याची गरज सहसा पडत नाही.

पूर्वी या कामी पाऱ्याचेच विद्युतअग्र वापरीत. विष शोधण्यास विषच लागे. २००० सालापासून बिस्मथचा मुलामा हा सौम्य पर्याय पुढे आला. पारा शोधण्यासाठी सोन्याचे विद्युतअग्र उपयोगी पडते. अडचणीही आहेत. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य अग्रावर चिकटते आणि काही धातू त्या द्रव्याशी बांधलेले राहून मोजणीतून निसटतात. म्हणून नमुन्यावर पूर्वप्रक्रिया करावी लागते, ज्ञात प्रमाणात धातू मिसळून शिखर किती वाढते हे पडताळावे लागते आणि महत्त्वाचा निष्कर्ष प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो.

इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांस यात पुराव्याचा प्रश्न दिसतो. मिनामातात वेदना आधी होत्या, मान्यता फार उशिरा आली. हातात मावणारे संवेदक मोजमाप पाण्याच्या काठापर्यंत नेऊ शकतात. त्या नोंदी दिनांक, स्थळ व पद्धतीसह काटेकोरपणे जपल्या, तर काठावर राहणाऱ्यांचे म्हणणे केवळ तक्रार म्हणून बाजूला सारणे कठीण होईल. आमच्या विद्यार्थ्यांनी हे विज्ञान शिकावे, ते याचसाठी.