बटाट्याच्या गावात आमटी

व्हॅन गॉगने १८८५ साली न्यूनेनला ‘बटाटे खाणारे’ हे चित्र रंगवलं. नव्याने येणारी आपली शाकाहारी मंडळीही इथे बरेचदा ब्रेड-बटाट्यावरच दिवस काढतात. मग प्रथिनांचं काय? तूरडाळीवाचून अडून बसू नये. डच लोक जिचं ‘स्नेर्ट’ सूप करतात, ती हिरव्या वाटाण्याची डाळ सुपरमार्केटात मिळते. चिंच-गूळ घातला की फक्कड आमटी! ‘कार्नेमेल्क’ म्हणजे ताकच; त्याची कढी करावी. हिवाळ्यात ‘बूरेनकोल’ या कुरळ्या पानांच्या भाजीला पीठ पेरावं. बेसन सुरिनामी दुकानांत मिळतं. १८७३ पासून सुरिनामला गेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज १९७५ च्या सुमारास हॉलंडात आले, ही त्यांची कृपा. हिंगाची डबी मात्र येताना बॅगेत असू द्यावी.