लेसरने केस गेले, डाग राहिले

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगी विशीतली, सोबत आई. मुलगी तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडते आणि हनुवटीवर, ओठाच्या वर, कानाजवळ काळपट ठिपके दिसतात. कधी मशीनचा चौकोनी शिक्का मारल्यासारखा पट्टाच उमटलेला असतो. आई सांगते, "डॉक्टरसाहेब, केस काढ्याले पैसे भरले, केस गेले अन् हे डाग येऊन बसले. पोरीची सोयरीक जुळली हाय, आता काय करावं?"

लेसरने केस काढणे हे पूर्वी मुंबई-पुण्याचे काम समजले जाई. आता अंजनगाव, अकोट, दर्यापूरच्या मुलीही त्यासाठी अमरावती-अकोला गाठतात. त्यात गैर काही नाही. हनुवटीवर राठ केस असलेल्या मुलीला काय काय ऐकावे लागते ते तिचे तिलाच ठाऊक! पण लेसरनंतर डाग पडले म्हणजे आता जन्मभराचे झाले, असे समजून घरात जे रडणे सुरू होते ते मात्र अनाठायी आहे. यातले बहुतेक डाग जातात. ते घालवण्याच्या घाईत चेहऱ्यावर जे चोपडले जाते, त्याने मात्र कधी कधी डागापेक्षा फार मोठे नुकसान होते. अकोल्याच्या एका कुटुंबाला त्याचा अनुभव आला आहे. ती हकिगत पुढे येईलच. आधी हा डाग म्हणजे काय ते पाहू.

त्वचेची शाई

आपल्या भागात बिब्बा उतलेला माणूस पाहिला नाही असा वाचक विरळाच. आधी आग होते, फोड येतात, ते सुकतात आणि मग त्या जागी महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. पोरांच्या पायाला डास चावतात, खाजवून जखमा होतात, त्याही जागी काळे ठिपके उरतात. तारुण्यपिटिका, गजकर्ण, पोळणे या सगळ्यांचा शेवट आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर असाच होतो. त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्वचेला कुठलाही दाह झाला की या पेशी चेकाळतात आणि गरजेपेक्षा जास्त रंग तयार करतात. शाईची दौत कलंडावी तसा तो रंग आजूबाजूला पसरतो. लेसरनंतरचा काळा डाग तो हाच. तो मळ नव्हे, म्हणून घासून निघत नाही. कातडी जळून तिथे कायमचा कोळसा झाला असेही नव्हे.

लेसरने दाह का व्हावा, हेही समजून घेण्याजोगे आहे. अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी १९८३ साली असे तत्त्व मांडले की, प्रकाशाची योग्य लांबी आणि योग्य काळ निवडला तर कातडीतली नेमकी एकच गोष्ट तापवता येते. केसाच्या मुळाशी मेलॅनिन असते. लेसरचा प्रकाश ते शोषून घेते, तापते आणि मुळी निकामी होते. गोऱ्या कातडीवर काळा केस असला की हे काम सोपे. पांढऱ्या धोतरावर काळी मुंगी लगेच दिसते. काळ्या मातीत ती शोधावी लागते. आपल्या कातडीतही मेलॅनिन भरपूर. लेसरला केस आणि कातडी यांतला फरक नीट कळला नाही की कातडीही तापते.

म्हणून सावळ्या वर्णासाठी मशीन कोणते आणि ते चालवणारा कोण, याला फार महत्त्व आहे. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर कातडीतल्या रंगाला कमी धरतो आणि खोल जातो, म्हणून तो आपल्याला तुलनेने सुरक्षित. ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसरही चालतो, पण शक्ती बेताची ठेवावी लागते आणि कातडी थंड ठेवण्याची सोय मशीनमध्ये असावी लागते. काही ठिकाणी 'लेसर' या नावाखाली जे मशीन वापरतात ते लेसर नसतेच. तो नुसता प्रखर प्रकाशाचा झोत असतो, त्याला आय.पी.एल. म्हणतात. सावळ्या कातडीवर त्याने डाग पडण्याचा धोका अधिक. पैसे भरण्याआधी मशीन कोणते आहे, कोणता डॉक्टर तपासणार आहे आणि कानामागे किंवा जबड्याखाली थोड्या जागेवर आधी चाचणी घेणार का, एवढे विचारायला लाजू नये. कपडा घेताना आपण सूत ओढून पाहतोच की!

लेसर झाल्या दिवशी केसांच्या मुळाशी लाली आणि बारीक सूज येते. ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. गार पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा ठेवावा. बर्फ थेट लावू नये. साधे व्हॅसलीन किंवा बिनवासाचे मॉइश्चरायझर पुरते. खपली धरली तर नखाने काढू नये. फोड आले, पाणी सुटले किंवा आग दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर मात्र घरी बसू नये. त्या वेळी डॉक्टरांनी तीन-चार दिवस दिलेले सौम्य मलम पुढचा डाग बराच टाळू शकते. काळेपणा दिसू लागतो तो साधारण एक ते तीन आठवड्यांनी. म्हणूनच अनेकींना तो लेसरमुळे झाला हे लक्षातच येत नाही.

वऱ्हाडचे ऊन

डाग तपकिरी असेल तर रंग कातडीच्या वरच्या थरात आहे. तो काही महिन्यांत, कधी वर्षभरात फिका पडतो. राखाडी-निळसर असेल तर रंग खाली उतरला आहे आणि तो जायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो. दोन्हींचा शत्रू एकच, तो म्हणजे ऊन. चेकाळलेल्या पेशींना ऊन म्हणजे निमंत्रणच. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे! पारा ४५ अंशांकडे धावत असताना सनस्क्रीनशिवाय दुसरा कुठलाही उपचार करणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

सनस्क्रीन किमान एस.पी.एफ. ३० चे घ्यावे. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते. आपण हरभऱ्याएवढे लावतो आणि 'फरक पडला नाही' म्हणतो. बाहेर राहायचे असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेला नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळेपणा येतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, कातडीच्या रंगाचे सनस्क्रीन मिळाले तर ते अधिक उपयोगी. आता कापूस वेचायला किंवा पानपिंपळीच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या बाईला दर दोन तासांनी मलम लावा, असे सांगणे सोपे आहे. ती लावणार कुठे आणि कशाने? तिने जाड विणीचा सुती दुपट्टा तोंडाला बांधावा, शक्य तर रुंद काठाची टोपी घालावी. ते कमी खर्चाचे आहे आणि घामाने वाहूनही जात नाही.

घरगुती उपायांत सगळ्यात घातक लिंबू. आपल्याकडे लिंबू-संत्र्याला तोटा नाही, त्यामुळे सल्ला फुकट आणि वस्तूही फुकट. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की रसातल्या द्रव्यावर ऊन पडून कातडी पोळते आणि डाग आणखी गडद होतो. संत्र्याच्या सालीचे भरड चूर्ण घासणे, टूथपेस्ट लावणे, ब्लीच करणे यांनीही दाह वाढतो. हळद लावली तर बिघडत नाही, पण हळदीच्या दिवशी करवल्या ज्या उत्साहाने नवरीचे तोंड चोळतात तो उत्साह डागांच्या जागेपुरता आवरावा.

ट्यूब आणि डबी

आता मुख्य गोष्ट. डाग लवकर जात नाहीत म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली जाते. तिच्यात बहुधा तीन औषधे एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. शेजारीण विचारते, तीही आणते. दोन-चार महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, उन्हात उभे राहिले की आग होते. आणि गंमत अशी की, ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते केस स्टेरॉइडमुळे पुन्हा वाढतात! ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून ती सोडवत नाही. देशातल्या १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चिठ्ठी कितीजण मागतात, हे वाचकांना मी सांगायला नको. तीन-चार दिवस लावलेले तेच औषध उपयोगी ठरते आणि तीन-चार महिने लावलेले चेहरा बिघडवते, एवढे ध्यानात घ्यावे.

ट्यूबवर निदान नाव तरी असते. पार्लरमधून मिळणाऱ्या बिननावाच्या डबीवर तेही नसते. अकोल्यात आई आणि दोन मुली अशा एकाच घरातल्या तिघी असेच एक उजळवणारे क्रीम वापरत होत्या. ते स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले होते. काही महिन्यांत तिघींच्याही किडनीला दाह झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी किडनीचा विकार, हे नवलच होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेताना संशय त्या क्रीमवर गेला आणि तपासणीत त्यात पारा निघाला. २०२३ साली ही बातमी वर्तमानपत्रांतून राज्यभर गेली. केरळातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असाच अनुभव आला. २०२१ ते २०२३ या काळात त्यांच्याकडे किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत एरवी क्वचित आढळणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम लावत होते.

पारा रंग तयार करणाऱ्या पेशींचे कामच बंद पाडतो, म्हणून फरक झटपट दिसतो. हीच त्याची फसवी बाजू. तो कातडीतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. आपल्या देशात २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही. नकळत आलेलाही दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. पण जिच्यावर कंपनी, घटक, तारीख काहीच छापलेले नाही त्या डबीला कसला नियम? घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस, कॅलोमेल असे शब्द दिसले तरी ती दूर ठेवावी. अशी क्रीम वापरात असेल तर आजच बंद करावी. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज येणे ही लक्षणे असोत वा नसोत, लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती अगदी साधी असते. स्टेरॉइडची ट्यूब मात्र बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवून उतरवावी.

मग डागांना लावायचे तरी काय? ॲझेलिक ॲसिड, नियासिनामाइड, कोजिक ॲसिड ही त्यातल्या त्यात सौम्य द्रव्ये. ती रोज, चिकाटीने, आठ ते बारा आठवडे लावल्यावर फरक कळतो. हायड्रोक्विनोन गुणकारी आहे, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ठराविक महिनेच; वर्षानुवर्षे लावले तर त्यानेच कातडी निळीकाळी पडते. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही. लग्न ठरलेल्या मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण लग्नानंतर ट्यूब तशीच चालू राहते आणि दिवस राहिल्याचे कळायला महिना-दीड महिना जातो.

डाग पूर्ण शांत होईपर्यंत लेसरची पुढची बैठक घेऊ नये, आधी पैसे भरलेले असले तरी. मधल्या काळात वॅक्सिंग किंवा दोऱ्याने केस उपटणेही नको. बारीक कात्रीने कापावेत किंवा रेझर हलक्या हाताने फिरवावा. रेझरने केस दाट होतात ही निव्वळ समजूत आहे. आणि हनुवटीवरच्या केसांसोबत पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल, तर आधी संप्रेरकांची तपासणी करावी. बीजकोशाचा विकार तसाच ठेवून केलेले लेसर म्हणजे तण वरून कापून मुळाला खत घालणे होय.

लग्न दोन महिन्यांवर आले असेल तर डाग तोपर्यंत पूर्ण जाईल असे वचन कोणी देत असेल तर तिथून उठून यावे. तोवर तो फिका होतो, उरलेला मेकअपने झाकतो. त्वचारोग विभाग अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे, तसाच अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयातही. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.