विश्लेषण : कामगारांच्या नावाने चालणाऱ्या चीनमध्ये कामगार कार्यकर्तेच तुरुंगात का?

चीनच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम देशाचे वर्णन कामगारवर्गाच्या नेतृत्वाखालील समाजवादी राज्य असे करते. त्याच चीनमध्ये थकलेली देणी मागणाऱ्या कामगारांना मदत केली म्हणून कार्यकर्त्यांना तुरुंगवास झाला आहे. युनियन स्थापन करणे तेथे कागदोपत्री गुन्हा नाही. मग अटक होते ती कशासाठी?

युनियन काढता येते का?

येते, पण एकाच छत्राखाली. आपल्याकडे एकाच कारखान्यात दोन-तीन युनियन असणे नवे नाही. चीनमध्ये मात्र ‘अखिल चीन कामगार संघटना महासंघ’ हीच एकमेव कायदेशीर संघटना आहे आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली चालते. कारखान्यातील युनियनला तिच्या वरच्या शाखेची मंजुरी लागते. घटनेतील संपाचा हक्क १९८२ मध्ये वगळण्यात आला. तेव्हापासून संप करणे थेट गुन्हा नाही आणि हक्कही नाही. सरकारी कारवाईला वाव मिळतो तो याच फटीतून.

२०१५ मध्ये काय घडले?

ग्वांगझू शहरातील पान्यू भागात स्थलांतरित कामगारांसाठी एक सल्ला केंद्र होते. त्याचे प्रमुख त्संग फेयांग. लीद नावाच्या बूट कारखान्याचे स्थलांतर होणार होते आणि सामाजिक विम्याची रक्कम थकली होती. आपले प्रतिनिधी निवडून मालकाशी वाटाघाटी कशा करायच्या, हे केंद्राने तेथील कामगारांना शिकवले. मालकाला नमते घ्यावे लागले.

त्यानंतर काही महिन्यांतच, ३ डिसेंबर २०१५ रोजी, ग्वांगदोंग प्रांतात धरपकड झाली. खटला उभा राहण्याआधीच सरकारी माध्यमांनी परदेशी पैसा घेतल्याचा आरोप करत या कार्यकर्त्यांना बदनाम केले. २०१६ मध्ये त्संग यांना तीन वर्षांची निलंबित शिक्षा झाली, तर त्यांचे सहकारी मंग हान यांना २१ महिन्यांची कैद. आरोप होता ‘जमाव गोळा करून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवल्याचा’. युनियन किंवा वाटाघाटी हा गुन्हा म्हणून नोंदवलाच गेला नाही.

नियमाने गेलेल्यांचे काय झाले?

शेन्झेनमधील जासिक या वेल्डिंग यंत्रांच्या कारखान्यातील कामगारांनी २०१८ मध्ये अधिकृत महासंघाच्याच स्थानिक शाखेकडे जाऊन युनियनची मागणी केली. दंडाची पद्धत आणि गृहनिधीत कमी भरली जाणारी रक्कम या त्यांच्या तक्रारी होत्या. पुढाकार घेणाऱ्यांना नोकरीवरून काढण्यात आले आणि २७ जुलैला सुमारे ३० जणांना अटक झाली. त्यांच्या पाठिंब्यासाठी नामांकित विद्यापीठांतील विद्यार्थी आले. हे विद्यार्थी स्वतःला मार्क्सवादी म्हणवत होते. २४ ऑगस्टला पोलिसांनी त्यांच्याही मुक्कामावर छापा घातला.

सरकारला भीती कशाची?

एखाद्या कारखान्यातील संपापेक्षा कारखान्याबाहेर जोडल्या जाणाऱ्या माणसांची. १९८९ च्या तियानानमेन आंदोलनात बीजिंगमध्ये कामगारांची स्वायत्त संघटना उभी राहिली होती. तिचे नेते हान दोंगफांग यांना खटल्याविना २२ महिने तुरुंगात ठेवण्यात आले आणि तेथे त्यांना क्षयरोग जडला. विद्यार्थी आणि कामगार एकत्र आले की काय होऊ शकते, हा धडा पक्ष विसरलेला नाही.

आता परिस्थिती कशी आहे?

आरोप अधिक गंभीर झाले आहेत. व्यवसायजन्य आजार झालेल्या कामगारांसाठी काम करणारे वांग च्यानबिंग यांना जून २०२४ मध्ये साडेतीन वर्षांची, तर त्यांच्यासोबत पकडलेल्या पत्रकार ह्वांग शुएचिन यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. या वेळचा आरोप होता ‘राजसत्ता उलथवण्यासाठी चिथावणी’चा. घरी मित्रमंडळी जमवून होणाऱ्या गप्पांच्या बैठकाही त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या.

याचा परिणाम काय?

पगार थकतात, कारखाने बंद पडतात, त्यामुळे संप थांबलेले नाहीत. पण मालकासमोर बसून बोलणी करायला कामगारांना प्रतिनिधी लागतो आणि पोलीस आधी पोहोचतात ते त्याच्याच दारात. त्यामुळे तक्रार हजारोंची असली तरी पुढे यायचे कोणी, हा प्रश्न प्रत्येक कारखान्यात नव्याने उभा राहतो.