बदलांची नोंदवही : गिटच्या प्राथमिक आज्ञा

संगणकावर लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये ‘निबंध’, ‘निबंध अंतिम’, ‘निबंध अंतिम नवीन’ अशा फायली हमखास आढळतात. त्यांतील खरी कोणती, हे आठवड्याने त्यालाही सांगता येत नाही. असे बदल सांभाळणारी ‘गिट’ ही विनामूल्य प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्माण केली. तिच्या आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात.

फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ ही आज्ञा दिली की नोंदवही उघडते. कोणत्या फायली बदलल्या हे ‘गिट स्टेटस’ सांगते. नेमक्या ओळी ‘गिट डिफ’ दाखवते. नोंद मात्र दोन पायऱ्यांनी होते आणि नवशिक्यांची गफलत येथेच होते. ‘गिट ॲड’ने बदल केवळ निवडला जातो, ‘गिट कमिट’ दिल्यावरच तो नोंदला जातो. सोबत एक वाक्य लिहावयाचे असते. ‘बदल केला’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. बदल का केला, ते लिहावे. ‘गिट लॉग’ ही वाक्ये नाव व वेळेसह पुढे मांडते.

आपल्या जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नवी कल्पना सुचली म्हणून चालू साचा कोण मोडील? नवा नमुना वेगळाच घडवला जातो. ‘गिट ब्रँच’ अशीच वेगळी शाखा काढते, ‘गिट स्विच’ तिच्यावर नेते. प्रयोग साधल्यास मूळ शाखेवर परतून ‘गिट मर्ज’ द्यावी.

नोंदलेली चूक ‘गिट रिव्हर्ट’ने सुधारावी. ती जुनी नोंद पुसत नाही, तिला रद्द करणारी नवी नोंद करते. राज्यघटनेच्या ४२व्या दुरुस्तीतील (१९७६) अनेक तरतुदी ४४व्या दुरुस्तीने (१९७८) फिरवल्या. तरी इतिहासात दोन्ही दुरुस्त्या आहेत. ‘गिट रिस्टोअर’ मात्र जपून वापरावी. ॲड वा कमिट न केलेला बदल तिने एकदा गेला की गिटकडून परत मिळत नाही.

दूरच्या संगणकावर नोंदी पाठवण्यास ‘गिट पुश’, तेथून आणण्यास ‘गिट पुल’ आणि इतिहासासह संपूर्ण प्रत घेण्यास ‘गिट क्लोन’ आहे.

वसतिगृहातील एकच संगणक अनेकजण वापरतात. पहिल्या कमिटपूर्वी प्रत्येकाने आपल्या फोल्डरमध्ये ‘गिट कॉन्फिग’ने स्वतःचे नाव व ईमेल नोंदवावा, अन्यथा एकाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर नोंदले जातात.