जुन्या गाडीचे शॉकप

सातारा-कराड-सांगली रस्त्यावर आमची जुनी मोटारसायकल फार उसळायची. आम्ही रस्त्याला बोल लावायचो. पण दोष शॉकपचा होता.

शॉकपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते. तेल तिची उसळी आवरते. तेल गळाले, की चाक रस्ता सोडते. मग ब्रेक नीट धरत नाही. मागे बसलेली कारभारीण पडायची भीती!

गाडी स्टँडवरून काढावी. सीट जोराने दाबून सोडावी. एकदा वर येऊन थांबली, तर ठीक. २-३ वेळा हलली, तर शॉकप गेला म्हणून समजा.

पुढच्या शॉकपचे सील व तेल बदलता येते. मागचे शॉकप जोडीनेच नवे घालावेत. वायू भरलेला शॉकप घरी ठोकून कधीच उघडू नये. दाबाने उडून इजा होते.

टायरची हवा बघता, तसे शॉकपही बघत जा.