दगडाच्या पोटातली दिशा



मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका खाणीत मजुरीची बोलणी चालली होती. कर्नाटकात ग्रॅनाइट फोडण्यात उमेद घालवून इकडे आलेला एक वृद्ध पाथरवट मला म्हणाला, "भाऊ, घण कोणीही मारील. दगड कुठून सरळ फुटेल हे कळतं, त्याचे पैसे कुठे धरलेत?" मालकाचा माणूस हसला. मला मात्र उत्तर सुचेना.

आपल्याकडे जांभा आणि काळा कातळ. काळा कातळ लाव्ह्याच्या थरांचा. ग्रॅनाइटचे तसे नाही. तो शिलारस जमिनीच्या पोटातच सावकाश थिजतो. वरची जमीन झिजून तो उघडा पडतो, तेव्हा चारी बाजूंनी सारखाच दिसतो. मग रस कोणीकडे सरकला, थिजताना त्याला कोणत्या बाजूने दाब बसला, हे कसे ओळखावे?

पावसाळ्यात पऱ्यातून पेंढ्याच्या काड्या वाहतात, त्या बहुधा प्रवाहाच्या रोखाने वळतात. शिलारसातल्या खनिजांचे कणही असेच ओळीने लागतात. त्यांत लोहयुक्त मॅग्नेटाइट असते, काळे अभ्रक असते. कण ज्या रोखाने लांबट पडले, त्या रोखाने दगड चुंबकाला किंचित अधिक दाद देतो. हा फरक पुष्कळदा शेकडा काही टक्केच असतो. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला कळतो. दगडाची रचना अशी वाचता येईल, हे अमेरिकेतील जॉन ग्रॅहॅम यांनी १९५४ साली सुचविले.

रीत सोपी आहे. खडकातून सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची कांडी काढायची. पण सुटी करण्यापूर्वी तिच्यावर उत्तर दिशा व उतार यांची खूण करायची. खूण चुकली की सारे मापन वाया! मग सौम्य चुंबकीय क्षेत्रात कांडी निरनिराळ्या बाजूंनी फिरवून मोजायची. अशा अनेक ठिकाणच्या दिशा नकाशावर मांडल्या की ग्रॅनाइटच्या अंतरंगाचे चित्र उभे राहते.

बडोद्यापलीकडे, गोध्र्याचा ग्रॅनाइट सुमारे ९५ कोटी वर्षांचा. खरगपूरच्या आय.आय.टी.तील ममतानी आणि जर्मनीतील ग्रायलिंग यांनी तो असाच मोजला. २००५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, हा ग्रॅनाइट वर येऊन थिजत होता, त्याच काळात अरवलीच्या दक्षिण भागातील खडक दाबाखाली वाकत होते. म्हणजे दगड नुसता थिजला नाही. त्या दाबाची साक्ष पोटात ठेवून थिजला.

पाथरवटाची दिशा आणि यंत्राची दिशा दर वेळी जुळेलच असे नाही. दगड फुटतो तो बारीक भेगांच्या रोखानेही. परंतु दगडाला आतून दिशा असते, हे त्या म्हाताऱ्याचे म्हणणे खरे होते. त्या करारात त्याच्या नावापुढे 'कुशल' हा शब्द आम्हांला घालून घेता आला नाही. यंत्राने मोजले ते ज्ञान आणि हाताने ओळखले ती निव्वळ मजुरी, हा हिशेब अजून मिटलेला नाही.