नव्या कॅमेऱ्याच्या जुन्या भानगडी

घरात नवा कॅमेरा आला की पहिल्या तासाभरात तीन गोष्टी ठरलेल्या. रिकामा खोका 'वॉरंटीला लागेल' म्हणून माळ्यावर जातो. माहितीपुस्तिका त्या खोक्यातच राहते. आणि कुणीतरी विचारतं, "किती मेगापिक्सेल?" आमच्याकडे बाबांचा प्रश्न जरा वेगळा होता: "रोल किती फोटोंचा?"

चौदा-पंधरा वर्षं राबलेल्या डीएसएलआरला निवृत्ती देऊन मी आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा घेतला. नवं काय आहे ते बघायला मेन्यू उघडला, तर प्रत्येक बटणामागून कुणीतरी म्हातारं डोकवायला लागलं. कुणी १९१३ सालचं, कुणी १९३४ चं, कुणी तर थेट अजिंठ्याच्या वाटेवरचं! त्या मंडळींची ही धावती ओळख.

१. दुप्पट म्हणजे दुप्पट नव्हे

जुना बारा मेगापिक्सेलचा, नवा चोवीसचा. मग फोटो दुप्पट मोठा? छे! वाढलेले ठिपके लांबी आणि रुंदी दोघींत वाटले जातात. त्यामुळे फोटो प्रत्येक बाजूने जेमतेम १.४ पट वाढतो. दोन्ही बाजू खरोखर दुप्पट हव्या असतील, तर बाराचे अठ्ठेचाळीस करावे लागतात. ४के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला साधारण ८३ लाख ठिपके, म्हणजे आठ-साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. आणि २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीच्या मुख्य कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल किती? दोन! मंगळाचे डोंगर दोनात मावले, आपल्या बारशाचं काय घेऊन बसलात?

२. पणजोबा कॅसेटवर फोटो काढायचे

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनिअरने जुळवला. वजन साधारण ३.६ किलो, पोटात सोळा बॅटऱ्या, फोटो काळा-पांढरा. ठिपके फक्त दहा हजार. आजच्या चोवीस मेगापिक्सेलच्या एका फोटोत तसले चोवीसशे फोटो बसतील. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि बघायला टीव्ही जोडावा लागायचा. "मग बी साइडला काय होतं?" बाबांनी लगेच विचारलं. कोडॅकचा मुख्य धंदा फिल्म विकण्याचा, त्यामुळे घरच्याच या बाळाचं कौतुक बेताचंच झालं. २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

३. दोन-तृतीयांश रंग ऐकीव माहितीवर

सेन्सरच्या ठिपक्याला रंग कळत नाही, फक्त उजेड मोजता येतो. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी बसवतात. बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाणारी ही युक्ती कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. हिरव्याला दुप्पट जागा, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपासच्या उजेडाला सगळ्यात तल्लख. आता गंमत अशी, की प्रत्येक ठिपका आपल्यापुरता एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. चाळीतल्या बातम्याही अशाच तयार होतात, फरक इतकाच की कॅमेऱ्याचा अंदाज सहसा बरोबर निघतो.

४. क्वॅनन, कश्यप आणि अजिंठा

जपानमध्ये १९३४ मध्ये एक नमुना कॅमेरा तयार झाला. त्याचं नाव 'क्वॅनन', आणि भिंगाचं नाव 'कश्यप'! क्वॅनन किंवा कॅनन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. त्या देवतेचं मूळ म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कश्यप हे नाव बुद्धाचे शिष्य महाकाश्यप यांच्यावरून घेतलेलं. पुढच्याच वर्षी जगभर खपेल असं 'कॅनन' हे नाव पक्कं झालं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला जो पद्मपाणी दिसतो, तो अवलोकितेश्वरच. म्हणजे कॅननचा कॅमेरा घेऊन तिथे जाल, तर कॅमेरा आपल्या आजोळी आला असं समजा. फक्त आजोळी फ्लॅश मारायला बंदी आहे.

५. फुल फ्रेम म्हणजे किती फुल?

'फुल फ्रेम' सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हे माप आलं कुठून? जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणं जमेना. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, छोट्या कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी जागा एका फोटोला दिली. १९२५ मध्ये तो कॅमेरा 'लायका' नावाने लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. फिल्म गेली, माप राहिलं. आज लाखभर रुपये मोजून आपण जे 'फुल' घेतो, ते एका दमेकरी गिर्यारोहकाच्या सोयीचं माप आहे.

६. एफचं कोडं दोन ओळींत

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. भिंगाच्या झरोक्याचे हे आकडे बघून भल्याभल्यांना लॉटरीचं तिकीट आठवतं. युक्ती सोपी आहे. यात दोन पाढे एकमेकांत विणलेत. एक: २, ४, ८, १६. दुसरा: १.४, २.८, ५.६, ११, २२. दोन्ही दुपटीने चढतात (अकराला थोडी सूट). एक पायरी चढलात की उजेड निम्मा. आणि आकडा मोठा तर भोक लहान का? कारण तो छेद आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगावर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, पंचवीस मिलिमीटरचा झरोका. एफ/१० केलात तर राहिला पाच मिलिमीटर. चौथीतले अपूर्णांक इथे कामाला येतात.

७. कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही

उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्याची मूळ समजूत अशी, की जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. समोर काळीभोर म्हैस चौकट भरून उभी राहिली, की त्याला वाटतं अंधार पडला. मग तो उजेड वाढवतो आणि म्हैस राखाडी होते. वारीतल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांची गर्दी दिसली, की उजेड फार झाला म्हणून तो कमी करतो आणि सदरे मळतात. नवे कॅमेरे दृश्य ओळखून बरंच सावरतात, तरी फसतात. इलाज अधिक-उण्याच्या बटणात. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. उलटं वाटतं ना? वाटू द्या, पण करा तसंच. मिररलेसमध्ये सोय अशी, की बदल फोटो काढण्याआधीच दिसतो.

८. डोक्यावरचा शनी

बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माथ्यावर, कडेला, गोलातून आरपार रेघ गेलेलं एक चिन्ह असतं. कडं घातलेल्या शनीसारखं. बाबांना वाटलं, स्क्रू पिळायची जागा. खरं तर आत सेन्सर नेमका कुठे बसलाय, त्याची ती खूण. 'किमान ४५ सेंटिमीटरवरून फोकस होईल' असं भिंगावर लिहिलेलं असतं, ते अंतर भिंगाच्या टोकापासून नाही, या रेघेपासून मोजायचं. सिनेमाच्या सेटवर कॅमेऱ्याचा सहायक फीत घेऊन नटाच्या नाकापर्यंत मोजतो, तेही या खुणेपासूनच.

९. ९९९९ नंतर पुन्हा पहिली इयत्ता

कुठल्याही कंपनीचं कार्ड उघडा, आत 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर सापडणारच. 'डिजिटल कॅमेरा इमेजेस'चं ते लघुरूप. १९९० च्या दशकाअखेरीस जपानी कंपन्यांनी मिळून नियम केला: फोल्डरचे क्रमांक १०० पासून, फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे. त्यामुळे ९९९९ व्या फोटोनंतर गाडी परत ०००१ वर. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतणाऱ्यांनी जपावं, कारण नव्या गणपतीने जुना गणपती पुसला जाऊ शकतो. संगणक 'बदलू का?' विचारतो तेव्हा घाईत 'हो' म्हणू नका.

१०. २९ मिनिटं ५९ सेकंद

आमच्या एका मावसभावाने बहिणीच्या लग्नात कॅमेरा तिवईवर लावून दिला आणि निर्धास्त जेवायला बसला. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा बंद! बिघाड नव्हता, कर होता. युरोपीय संघात अर्धा तास किंवा जास्त सलग चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्यात मोजलं जायचं आणि त्यावर जकात जास्त लागायची. म्हणून कंपन्यांनी २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कात्री लावून ठेवली, आणि ती जगभरच्या ग्राहकांना लागली. आताच्या अनेक कॅमेऱ्यांतून ही मर्यादा गेली आहे. तुमच्यात आहे का, ते मुहूर्ताच्या आधी तपासा.

११. धूसरपणाला मिळालेला 'एच'

पाठीमागचे दिवे विरघळून लोण्याच्या गोळ्यांसारखे दिसतात, त्याला 'बोके' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून मांजरं आठवणं साहजिक आहे. मूळ शब्द जपानी, अर्थ धूसरपणा. १९९७ मध्ये फोटोग्राफीच्या एका अमेरिकी नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी इंग्रजी वाचकांनी 'बोक' म्हणू नये म्हणून स्पेलिंगच्या शेवटी 'एच' जोडला. तो आजवर चिकटून आहे.

१२. टाइमलॅप्सचा नाशिककर बाप

मेन्यूत 'इंटरव्हल शूटिंग' सापडलं आणि मी कुंडीसमोर कॅमेरा मांडला. कळी उमलताना टिपायची होती. हे भारतात सर्वांत आधी करणाऱ्यांत कोण असावं? त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. १९१२ मध्ये इंग्लंडहून सिनेमाचा कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर वाटाणा भराभरा उगवला, पैसे उभे राहिले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. मी बटण एकदा दाबून चहा प्यायला गेले. फाळक्यांना महिनाभर कुंडीपाशी राहावं लागलं होतं.

चुटकीसरशी

• कॅमेऱ्याच्या बुडाशी तिवईसाठी असणारं भोक बहुधा पाव इंची आट्यांचं. आतलं सगळं मिलिमीटर-मायक्रोमीटरमध्ये, बूड मात्र अजून इंचात.

• 'आयएसओ' हे जागतिक मानक संस्थेचं नाव. इंग्रजी नावाची आद्याक्षरं लावली तर क्रम जुळत नाही. संस्था सांगते, ते ग्रीक 'आयसोस'वरून आहे, म्हणजे 'समान'.

• बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. नजर जिथे, फोकस तिथे, ही करामत कॅननने १९९२ मध्येच फिल्मच्या कॅमेऱ्यात करून पाहिली होती. २०२१ मध्ये ती नव्याने परतली.

• कार्डाच्या कडेची 'लॉक'ची कळ कार्डाच्या आत काहीच बंद करत नाही. ती फक्त कॅमेऱ्याला 'लिहू नको' अशी खूण करते. रुमालाने जागा धरण्यासारखं.

• अपोलोचे अंतराळवीर वजन वाचवायला हॅसलब्लाड कॅमेरे चंद्रावरच सोडून आले. आणली ती फक्त फिल्म.

• पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. चामड्याच्या बंद पिशवीपेक्षा सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा बरा. एसीतून दमट हवेत आल्यावर कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्या, नाहीतर काच घामेजते.

आणि शेवटी, फाइल ०००१

पहिल्या संध्याकाळी बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जाहीर केलं, "अगं, फसवलं तुला. सगळं धुरकट दिसतंय." व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरवून दिलं. ते डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं असतं, हे चौदा वर्षं कॅमेरा वापरूनही मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पडद्यावरची अक्षरं लख्ख झाली, बाबा खूश.

रात्री कार्ड उघडलं. फाइल ०००१ पूर्ण काळी. त्याआधी कधीतरी 'चालतो का बघू' म्हणत बाबांनी भिंगाचं झाकण न काढताच बटण दाबलं होतं. पुसायला बोट गेलं आणि थांबलं. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, या जुन्या नावातला पहिला शब्द तेवढा उरला आणि अंधार गळून पडला. बाबांनी तो परत आणला होता.

फाइल ठेवली आहे. ०००२ मध्ये बाबा आहेत, हातात झाकण घेऊन.